खडकाखालची रिकामी जागा

खाऱ्या पाण्याच्या टँकसमोर माणूस उभा राहिला की त्याची नजर आधी वर जाते. निळ्या उजेडात डुलणारे सॉफ्ट कोरल, म्हणजे मऊ प्रवाळ, पिवळा टँग मासा, क्लाउनफिशची जोडी, पाण्याचा लुकलुकणारा पृष्ठभाग. खडक शेवटी दिसतो, आणि खडकाच्या खाली काय आहे हे तर बहुतेक जण बघतच नाहीत. मी मात्र कुणाचाही टँक बघायला गेले की आधी गुडघ्यांवर बसते आणि खालून बघते. खडक वाळूत रुतून बसलाय की वर उचलून धरलाय? त्याच्याखालून पलीकडची काच दिसते का? मासा या बाजूनं शिरून त्या बाजूला निघू शकतो का? एवढं समजलं की तो टँक पुढची काही वर्षं कसा चालेल याचा बराचसा अंदाज येतो.

गोड्या पाण्यात मासे पाळणाऱ्यांना खडक म्हणजे सजावट वाटते, आणि त्यांच्या टँकमध्ये ती असतेही सजावटच. खाऱ्या पाण्यात खडक हाच मुख्य फिल्टर असतो. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजून अमोनिया तयार होतो. तो थोडासुद्धा साठला तर मासे मरतात. खडकाच्या पृष्ठभागावर राहणारे जिवाणू त्या अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. या दोघांनाही प्राणवायू लागतो. खडक सच्छिद्र असेल तर आत खोलवर, जिथे प्राणवायू पोहोचत नाही तिथे, तिसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्रेट फोडून साधा नायट्रोजन वायू करतात आणि तो पाण्यातून निघून जातो. एकाच दगडात बाहेर एक कारभार आणि आत दुसरा. यातलं काहीही व्हायचं तर पाणी त्या दगडाच्या सगळ्या बाजूंनी फिरायला हवं. तळाची बाजू यात मोडते, आणि नेमका तिचाच विसर पडतो.

खडक आणि प्रोटीन स्किमर (पाण्यातली सेंद्रिय घाण फेसाबरोबर बाहेर काढणारं यंत्र) एवढ्यावर टँक चालवायची ही रीत जर्मनीतून पसरली, म्हणून तिला बर्लिन पद्धत म्हणतात. तिच्याबरोबर एक ठोकताळाही जगभर गेला: एका गॅलनला एक ते दोन पौंड खडक. आपल्या मापात सांगायचं तर तीनशे लिटरच्या टँकला 36 ते 72 किलो. एवढा दगड चार फुटी टँकमध्ये घालायचा म्हणजे मागच्या काचेला टेकवून ढीग रचण्याशिवाय उपाय नसतो. बरीच वर्षं सगळ्यांचे टँक तसेच दिसायचे. मागे उतरती भिंत, पुढे वाळूची पट्टी. या ढिगात एक दगड दुसऱ्यावर बसतो तिथली बाजू मिटते, वाळूत रुततो तिथला तळ मिटतो, आणि मागच्या काचेशी पडलेल्या फटीत बारीक तपकिरी गाळ साठत जातो. तिथे ना वेव्हमेकरचा, म्हणजे पाणी हलवणाऱ्या पंपाचा, झोत पोहोचतो, ना सायफनची नळी. त्या गाळातून फॉस्फेट आणि नायट्रेट हळूहळू पाण्यात उतरत राहतात. मग लोक पाणी बदलतात, औषधं शोधतात, मिठाची कंपनी बदलतात, दिव्यांचे तास कमी करतात, आणि शेवाळ काही हटत नाही.

आता कमी दगड आणि जास्त मोकळी जागा असा कल आहे, आणि तो मला मनापासून पटतो. पण दगड कमी केले की नवा प्रश्न येतो. ढीग स्वतःच्या वजनावर उभा राहतो. पुढे आलेली कपार, कमान, अधांतरी दिसणारा पट्टा हे स्वतःहून उभे राहत नाहीत. त्यांना आधार द्यावा लागतो. आणि तो दिसता कामा नये, कारण आधार दिसला की समुद्र संपतो आणि प्लंबिंग सुरू होतं.

लक्षद्वीपला अगत्तीच्या खाजणात मी पहिल्यांदा प्रवाळाखाली डोकावले तेव्हा हे सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. वरून पाहिलं तर प्रवाळाचा एक मोठा गोल पुंजका, कडेला जराशी सावली. खाली जाऊन मान वाकडी केली तर ती सावली म्हणजे चांगली हातभर खोल कपार निघाली. आत अंधारात लाल रंगाचे सोल्जरफिश उभे होते, मोठमोठे डोळे बाहेर लावून, सगळे एकाच दिशेला तोंड करून. हे मासे दिवसा कपारीत राहतात आणि रात्री चरायला निघतात. त्यांच्या डोक्यावरचं छत, म्हणजे प्रवाळाचा तळ, रंगांनी भरलेला होता. केशरी आणि जांभळे स्पंज, पांढऱ्या चुन्याच्या नळ्यांमधले किडे, गुलाबी पापुद्रे. उन्हात असलेल्या वरच्या बाजूपेक्षा ही अंधारी बाजू जास्त गजबजलेली होती. श्वास संपला म्हणून वर आले आणि लगेच परत खाली गेले.

त्या अंधाऱ्या बाजूचं महत्त्व शास्त्रज्ञांनाही तसं उशिराच कळलं. प्रवाळ खडकाभोवतीचं पाणी इतकं स्वच्छ, पोषणद्रव्यं इतकी कमी, तरी तिथे एवढं जीवन कसं पोसलं जातं, हा डार्विनच्या काळापासूनचा प्रश्न. 2013 साली डच संशोधकांच्या एका गटानं ‘सायन्स’ या नियतकालिकात त्याच्या उत्तराचा एक मोठा भाग मांडला. प्रवाळ आणि शैवाल पाण्यात विरघळणारी सेंद्रिय द्रव्यं सोडतात. बहुतेक प्राण्यांना ती थेट खाता येत नाहीत. कपारींमधले स्पंज मात्र ती शोषून घेतात, स्वतःच्या पेशी विलक्षण वेगानं नव्या करतात आणि जुन्या पेशी गाळ म्हणून बाहेर टाकतात. तो गाळ खेकडे, किडे, गोगलगायी खातात, आणि त्यांना पुढे मासे खातात. म्हणजे जे पाण्यात विरघळून हातचं जाणार होतं ते कपारीत अडवलं जातं आणि परत ताटात येतं. हे काम खडकाच्या पोकळीत चालतं. पोकळी बुजवली की हे कामही बंद.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की घरच्या टँकमध्ये आपण खडक रचतो ते खरं तर त्याच्याखालची जागा रचण्यासाठी. दगड विकत मिळतो. जागा आपल्यालाच करावी लागते.

आता ती करायची कशी, याकडे येते.

मला सगळ्यात भरवशाचा वाटतो तो साधा सीपीव्हीसी पाइप, घरातल्या पिण्याच्या पाण्याचा, अर्धा इंची, क्रीम रंगाचा. तो बाहेरून साधारण 16 मिलिमीटर जाड असतो. पिण्याच्या पाण्यासाठी बनवलेला असल्यामुळे त्यातून नको ते पाण्यात उतरत नाही. वायरिंगसाठी मिळणारे राखाडी पाइप घेऊ नयेत. ते पाण्यासाठी केलेलेच नसतात. धातू तर कुठेच नको. तांबं अगदी थोडं पाण्यात उतरलं तरी कोळंबी, गोगलगायी आणि कोरल यांच्या जिवावर बेततं. स्टेनलेस स्टीलचा स्क्रू एखाद्या वर्षात मिठाच्या पाण्यात ठिपके धरायला लागतो. झिंक चढवलेला तर विचारायलाच नको. सीपीव्हीसीचा आणखी एक गुण असा की तो पाण्यापेक्षा जड असतो. घनता साधारण 1.5, आणि समुद्राचं पाणी 1.025. बरेच जण ट्यूबलाइटच्या चौकटीत बसणारी पांढरी चौकडीची प्लास्टिक जाळी वापरतात. ती पॉलिस्टायरीनची, घनता 1.05 च्या आसपास, म्हणजे जेमतेम बुडणारी. तळावर अंथरायला ती छान, कारण दगडाचं वजन काचेवर एका बिंदूत न येता पसरतं. खांब करायला मात्र ती मला पटत नाही. कडक असली तरी ठिसूळ असते आणि कोपऱ्यात मोडते.

सुरुवात मी टँकमध्ये करत नाही, हॉलच्या फरशीवर करते. मास्किंग टेपनं टँकच्या आतल्या मापाचा चौकोन आखायचा. माझा टँक चार फूट लांब आणि पावणेदोन फुटांपेक्षा थोडा कमी रुंद आहे, पण आतलं माप काचेच्या जाडीएवढं कमी भरतं, आणि बारा मिलिमीटरच्या दोन काचा म्हणजे जवळजवळ इंच गेला. त्या चौकोनाच्या आत चारही बाजूंनी आपला हात सहज फिरेल एवढी जागा सोडून आणखी एक चौकोन आखायचा. दगडानं या आतल्या चौकोनातच राहायचं, नाहीतर काचेवरचं शेवाळ घासायला चुंबक फिरत नाही आणि पुढची सगळी वर्षं तेवढ्यासाठी चरफडावं लागतं. मग दगड मांडायचे. दोन दिवस, चार दिवस, जाता-येता बघत राहायचं. एखादा दगड उलटा केला की एकदम जिवंत होतो. चपटा, फळीसारखा दगड मिळाला तर तो जपून ठेवायचा, कारण पुढे निघालेली कपार त्याच्यातूनच होणार असते.

मांडणी मनासारखी झाली की तिच्याखाली चौकट बेतायची. मी शक्यतो तीन पायांची चौकट करते. तीन पाय कुठल्याही तळावर टेकतातच, चार पायांतला एक हमखास अधांतरी राहतो आणि सगळं डुगडुगतं. अट एकच. दगडाचा गुरुत्वमध्य त्या तीन पायांच्या त्रिकोणात पडला पाहिजे. तो काढायला गणित लागत नाही. दगड बोटांवर तोलायचा, जिथे तोलून राहतो तिथे पेन्सिलीनं फुली मारायची, आणि फुली त्रिकोणाच्या मध्याच्या जितकी जवळ येईल तितकं बरं. पाय किती उंच ठेवायचे हे वाळूवर ठरतं. वाळूचा थर चार-पाच सेंटिमीटरचा, त्याच्यावर आठ ते दहा सेंटिमीटर मोकळी जागा, म्हणजे पाय साधारण पंधरा सेंटिमीटरचे. आठपेक्षा कमी जागेत झोत नीट फिरत नाही. बारापेक्षा जास्त उचललं तर पाइप लपत नाहीत, आणि वर कोरलना वाढायला उंची उरत नाही.

वजनाचं एक सांगायला हवं, कारण त्याबद्दल गैरसमज फार आहेत. दहा किलोचा चुनखडीचा दगड पाण्यात बुडाला की सहा-साडेसहा किलोचाच भार टाकतो; बाकीचं पाणी उचलून धरतं. म्हणून लोक निर्धास्त होतात. पण पाणी बदलताना पातळी खाली जाते, दगडाचा वरचा भाग उघडा पडतो, आणि तेवढ्या भागाचं पूर्ण वजन परत येतं, शिवाय छिद्रांत भरलेल्या पाण्याचंही. चौकटीवर जास्तीत जास्त भार येतो तो नेमका आपला हात टँकमध्ये असताना. म्हणून चौकट बेतायची ती ओल्या दगडाच्या हवेतल्या वजनावर.

पाइप कापायला साधं हॅक्सॉचं पातं पुरतं. कापलेली कड पॉलिश पेपरनं गुळगुळीत करायची. एल्बो, टी आणि एंड कॅप हार्डवेअरच्या दुकानात चिल्लर भावात मिळतात. पुढचं काम मात्र लोक सोडून देतात, आणि माझ्या मते तेच सगळ्यात गरजेचं आहे: पाइपाला भोकं पाडणं. प्रत्येक तुकड्याला, दोन्ही टोकांजवळ आणि मध्ये, आरपार. आमच्याकडे नळाच्या कामाला येणारे भाऊ त्या दिवशी स्वयंपाकघरात होते. मी बाल्कनीत ड्रिल चालवत बसलेली बघून ते कळवळून म्हणाले, “ताई, चांगल्या पाइपाला भोकं कशाला पाडता? पाणी गळेल की!”

“गळायलाच हवं, भाऊ,” मी म्हटलं. “आत पाणी अडकून राहिलं तर सडेल.”

ते क्षणभर बघत राहिले, मग ड्रिल माझ्या हातातून घेतलं आणि म्हणाले, “मग तिरकी पाडा, म्हणजे वरची हवा पण निघून जाईल.” किती खरं होतं ते! आडव्या पाइपात हवेचा बुडबुडा वरच्या अंगाला चिकटून बसतो, आणि भोक बाजूला असेल तर तो कधीच निघत नाही. बंद पाइपातल्या पाण्याचा प्राणवायू जिवाणू काही दिवसांत संपवतात, मग सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, आणि पुढे कधी जोड निसटला तर तो एकदम टँकमध्ये सुटतो. त्या भाऊंनी खाऱ्या पाण्याचा टँक कधी ठेवलेला नाही, पण पाणी कुठे अडतं आणि हवा कुठे कोंडते हे त्यांना हाताला माहीत आहे. उरलेली भोकं त्यांनीच पाडली.

सांधे मी सोल्व्हंट सिमेंटनं जोडते आणि चौकट आठवडाभर बाल्कनीत वाऱ्यावर ठेवते, मग बादलीत पाणी बदलत बदलत बुडवून ठेवते. काही जण सांधे नुसते दाबून बसवतात, सिमेंट लावतच नाहीत. तेही चालतं, फक्त उचलताना चौकट हातात येते आणि पाय खाली राहतात.

दगड दगडाला जोडायचा असेल तर पाइप नको, अॅक्रिलिकची कांडी. काँक्रीटच्या बिटनं दोन्ही दगडांना भोक पाडायचं, दगड ओला ठेवून म्हणजे धूळ उडत नाही, आणि कांडी दोघांत अडकवायची. मग सांध्यात फेविक्विकच्या जातीचं पण जेलसारखं दाट सायनोअॅक्रिलेट आणि त्यावर लगेच दगडाचाच कुटलेला चुरा. चुरा पडताक्षणी ते तापतं, धूर निघतो, डोळे चुरचुरतात, आणि बघता बघता दगडासारखं घट्ट होतं. हे खिडकी उघडी ठेवूनच करावं. पाइपांवरही मी तेच करते. आधी खरबरीत पॉलिश पेपरनं घासून चकाकी घालवायची, मग मळून एक करायच्या एपॉक्सीचा पातळ हात, आणि ओलं असतानाच चुऱ्यात लोळवायचं. गणपतीच्या मखरामागची बांबूची चौकट जशी समोरून कुणाला दिसत नाही आणि तिच्यावाचून मखर उभंही राहत नाही, तशी ही चौकट झाली पाहिजे.

शेवटचं लपवणं मात्र आपण करत नाही. ते कोरलाइन शैवाल करतं. हे चुना धरणारं गुलाबी-जांभळं शैवाल, पापुद्र्यासारखं पसरणारं. मंद उजेड त्याला चालतो, म्हणूनच ते कपारीच्या तळाला येतं. ओळखीच्या एखाद्या जुन्या टँकमधून त्याचा एक तुकडा मिळाला तरी पुरतो. पाण्यात कॅल्शियम 420 पीपीएमच्या आसपास आणि क्षारता आठ-नऊ डीकेएचच्या घरात टिकवली की काही महिन्यांत पाइपावर गुलाबी ठिपके दिसू लागतात. ते वाढतात, एकमेकांना भिडतात, आणि वर्षा-दीड वर्षात पाइप कुठला, दगड कुठला हे माझं मलाही सांगता येत नाही. खऱ्या समुद्रातही सुटे तुकडे सांधून प्रवाळ खडक एकसंध करण्याचं बरंचसं काम याच शैवालाचं.

दगड आणायचा कुठून, हे थोडक्यात. आपल्या समुद्रातून नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत 2001 साली खडक बांधणारे सगळे प्रवाळ आणि समुद्रपंखे आले. मालवणच्या किनाऱ्यावर वाहून आलेला मेलेला तुकडासुद्धा उचलायचा नाही. मला हा कायदा फार योग्य वाटतो. माझ्या टँकमध्ये म्हणूनच कठीण कोरल नाहीत, लेदर कोरल, मशरूम आणि झोआंथिड हे मऊ प्रकार आहेत. दगड ड्राय रॉकच्या, म्हणजे सुक्या खडकाच्या, नावानं मिळतो. फ्लोरिडात जमिनीखालच्या प्राचीन प्रवाळथरांतून खणून काढलेलाही असतो आणि सिमेंट-शिंपल्यांचा हातानं केलेलाही. सिमेंटचा असेल तर तो कित्येक आठवडे पाण्यात मुरवावा लागतो, नाहीतर टँकचा पीएच चढतो. आपला सह्याद्रीचा काळा दगड घालावा का, असं मला बरेच जण विचारतात. त्यानं अपाय होत नाही, पण तो घट्ट आणि जड, जिवाणूंना आत शिरायला जागाच नाही.

तरीही सह्याद्रीचा दगड आणि प्रवाळ यांचं नातं आहे, आणि ते मला कळलं तेव्हापासून माझ्या पाइपांकडे मी वेगळ्या मायेनं बघते.

डार्विनचं प्रवाळ बेटांवरचं पुस्तक 1842 सालचं. खोल समुद्रात, जिथे प्रवाळ जगूच शकत नाही, तिथे गोल कंकणासारखी प्रवाळ बेटं कशी उभी, हा तेव्हाचा मोठा प्रश्न. प्रवाळाला ऊन लागतं, तळ मात्र हजारो फूट खाली. डार्विननं सांगितलं की या प्रत्येक कंकणाखाली एक बुडालेला ज्वालामुखी आहे. डोंगर हळूहळू खचत गेला, त्याच्या कडेचा प्रवाळ तितक्याच हळू वर वाढत राहिला, शेवटी डोंगर दिसेनासा झाला आणि प्रवाळ उरला. विशेष म्हणजे ही कल्पना त्याला दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सुचली, एकही खरा प्रवाळ खडक बघण्याआधी. सिद्ध व्हायला शंभराहून अधिक वर्षं गेली. प्रशांत महासागरातल्या फुनाफुती बेटावर 1896 ते 1898 मध्ये रॉयल सोसायटीनं तीनशे मीटरच्या पुढे छिद्र पाडलं, तरी प्रवाळच लागत राहिला. 1952 साली त्याच महासागरातल्या एनेवेटक कंकणावर अमेरिकी संशोधकांचं ड्रिल 1,200 मीटरहून खोल गेलं, आणि तेव्हा कुठे बेसाल्ट लागला. आधार होता, फक्त एवढा खाली होता.

आणि आपल्याकडे? सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटातल्या ज्या तप्त जागेवरून दख्खनचा लाव्हा वाहिला, त्याच जागेवरून भारताचा भूखंड पुढे उत्तरेकडे सरकत गेला आणि मागे समुद्रात खुणांची माळ राहिली. लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस ज्या बुडालेल्या रांगेच्या माथ्यावर आहेत ती या माळेतली. 1987 साली मालदीवच्या कडेला समुद्रतळात छिद्र पाडलं तेव्हा बेसाल्ट मिळाला, सुमारे 5.7 कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे दख्खनपेक्षा धाकटा, जसा असायला हवा तसाच. ती तप्त जागा आज हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे. लोणावळ्याच्या घाटात जो काळा दगड आपण गाडीच्या काचेतून बघतो, त्याचीच भावंडं मालदीवच्या पांढऱ्या वाळूखाली लपून प्रवाळ उचलून धरत आहेत. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही.

माणसानं समुद्रात मुद्दाम आधार ठेवायची उदाहरणंही आता आहेत. तमिळनाडूत तुतिकोरिनजवळच्या मन्नारच्या आखातात कितीतरी दशकं चुन्यासाठी आणि बांधकामासाठी प्रवाळ खणून नेला गेला. लाटा अडवणारं काही उरलं नाही आणि तिथलं वान नावाचं छोटं बेट झिजत चाललं. गेल्या दशकात त्याच्या समोर काँक्रीटचे उतरत्या बाजूंचे पोकळ ठोकळे बसवले, त्यांना भोकं ठेवून. लाटेचा जोर त्यांच्यावर मोडतो आणि भोकांमधून पाणी आणि मासे ये-जा करतात. त्या ठोकळ्यांचे फोटो बघताना मला भोकंच आधी दिसली.

माझ्या टँकमधल्या चौकटीखाली एक पिस्तूल कोळंबी राहते, तिच्यासोबत एक गोबी मासा. कोळंबीला फारसं दिसत नाही, पण खणण्यात ती पटाईत. गोबीची नजर तेज. कोळंबी वाळू उपसत असते तेव्हा तिची एक मिशी सतत गोबीच्या अंगाला टेकलेली असते. गोबीनं शेपटी फडफडवली की ती क्षणात आत. रात्री दिवे गेल्यावर कधी कधी “टक्” असा आवाज येतो, काचेला तडा गेल्यासारखा. नवख्या माणसाला धडकी भरते. तो आवाज नांगी मिटण्याचा नसून नांगीतून सुटलेल्या झोतामुळे झालेला बुडबुडा फुटण्याचा असतो, हे 2000 साली अतिवेगवान कॅमेऱ्यानं दाखवून दिलं. ही जोडी दोन-तीन दिवसांत वाळूखालचा नकाशा बदलते. म्हणून चौकटीचे पाय वाळूवर टेकवायचे नाहीत. आधी तळाची जाळी, तिच्यावर पाय, मग दगड, आणि वाळू सगळ्यात शेवटी. मग कोळंबीनं कितीही खणलं तरी दगड हलत नाही. आमच्या कोळंबीनं एका पायाभोवतीची सगळी वाळू काढून तिथे आपलं दार केलं आहे, आणि गुलाबी झालेला तो पाइप तिच्या दाराचा खांब झाला आहे.

दगड चौकटीला मी कधीच चिकटवत नाही, नुसता बसवते. मासा आजारी पडला आणि पकडायचा झाला, तर दगड अलगद उचलून बाहेर काढता येतो. चिकटवलेल्या रचनेत आजारी मासा शोधणं म्हणजे माशाचेही हाल आणि आपलेही.

सध्या मला काळजी आहे ती पुढच्या कपारीवरच्या लेदर कोरलची. लावला तेव्हा बशीएवढा होता, आता ताटाएवढा झाला आहे. सॉफ्ट कोरलला वजन फारसं नसतं, पण एवढा मोठा झाल्यावर तो वेव्हमेकरचा झोत अंगावर घेतो आणि कपारीचं टोक झोताच्या लयीत किंचित हलतं. समोरून कळत नाही. गुडघ्यावर बसून खालून बघितलं, बोट लावलं, की जाणवतं. गुरुत्वमध्य त्रिकोणातच आहे, पण झोताच्या बाजूचा पाय कपारीच्या टोकापासून लांब आहे, तिथे आणखी एक पाय हवा. कोळंबीचं दार डावीकडे आहे, म्हणून तो उजवीकडून द्यावा लागेल. पंधरा सेंटिमीटरचा तुकडा कापून, चुऱ्यात लोळवून बाल्कनीत वाळत ठेवला आहे. भोकं तिरकी पाडली आहेत.